ईय प्रत्यय

ऐरोली, सेक्टर आठ. रात्रीचे साडेअकरा.
मुक्त विद्यापीठाचं पुस्तक, घटक चौथा,
नवोपक्रमाचे सिद्धान्त.
सकाळी पानं पाठवायची आहेत
आणि मी एका आडनावाशी अडले आहे.

इंग्रजीने ते केव्हाच पचवलं.
मागे शेपूट लावून विशेषण केलं:
अमुक-छाप नफा, अमुक-छाप स्पर्धा,
अमुक-छाप उद्योजक.
मी लिहून बघते: शुंपीटरी.
हे कोल्हापुरीसारखं, ताटात वाढायचं काहीतरी.
शुंपीटरवादी. हे मोर्चा घेऊन येईल.
समितीचे टिळेकर सर फोनवर म्हणाले,
'शुंपीटरप्रणीत' करा, भारदस्त वाटतं.
शुंपीटरीय.
परक्या माणसाला सोवळं नेसवल्यासारखं,
पण पानात बसतं.

बाबा पाणी प्यायला उठतात, स्क्रीनवर वाकतात.
यो कोन?
अर्थतज्ज्ञ. म्हणायचा, नवं येतं ते जुनं मोडतच येतं,
आणि असं मोडत राहणं हीच भांडवलाची तब्येत.
बाबा ग्लास पालथा घालतात.
'हां. आमच्याकडे नोटीस बोर्डावर लावलेलं.'

रबाळे. पंपांचा कारखाना.
त्याच्याही आधी तिथे आमचंच खाचर होतं,
आजोबांनी सही केली, बाबांना नोकरी लागली,
भाताच्या जागी शाफ्ट.
गोल दांडा ड्रिलखाली फिरायचा, भोक तिरकं जायचं,
दिवसाला चाळीस नग भंगारात.
सत्त्याऐंशी साली बाबांनी
फुटक्या गिअरचे दोन तुकडे घेतले, मध्ये एक स्प्रिंग,
आणि पकड केली.
दांडा जागचा हलेना.
मॅनेजरने पाठ थोपटून स्टीलचा डबा दिला,
अजून आहे, त्यात पोहे असतात.
पेटंट हा शब्द कुणी काढला नाही.

पण शॉपवर त्या पकडीला नाव पडलं: मढवी.
मढवी लाव. मढवी कुठे गेली?
मढवीला तेल दे रे.
आडनाव बाबांचं, लिंग पकडीचं.
बाबा तापाने घरी पडलेले असले
तरी मढवी पहिल्या पाळीला हजर.

मग संगणकावर चालणारं मशीन आलं,
ते दांडा स्वतःच धरायचं.
बत्तीस माणसं कमी झाली, बाबा एकोणिसावे.
मग कारखानाही गेला.
आता तिथे बिनखिडक्यांची इमारत,
आत कुणाकुणाचे फोटो आणि हिशेब गारव्यात ठेवलेले,
भिंतीतून बाहेर गरम वारा.

इंग्रजी निदान पहिलं अक्षर मोठं ठेवते,
इथे खाली कुणीतरी पुरलंय याची खूण म्हणून.
आपल्याकडे मोठं अक्षरच नाही.
मढवी लिहा आणि मढवी लिहा,
माणूस कुठला, लोखंड कुठलं, कसं ओळखणार?

बाबा अजून उभेच आहेत, म्हणून सांगून टाकते,
महिनाभर सांगायचं राहिलेलं.
मिक्सरचं भांडं घेऊन गेले होते रबाळ्याच्या गल्लीत,
एका गाळ्यात वीसेक वर्षांचा पोरगा,
आझमगढचा, हात पुढे करून ओरडला,
'अबे, मढवी दे!'
मी विचारलं, ह्याला मढवी का म्हणतात?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी विचारलं होतं, हातोडीला हातोडी का म्हणतात.
'सब यही बोलते हैं, दीदी.'
नवीकोरी होती, हिरव्या रंगाची.

बाबा काहीच बोलत नाहीत.
फ्रीज घरघरतो, थांबतो.
त्यांना बरं वाटेल की वाईट, हे ठरवता येईना
म्हणून तर मी गप्प होते.
मी 'शुंपीटरीय' टाइप करते,
सगळ्या घटकात एकदम बदलून टाकते.
सत्तावीस ठिकाणी.

दारापर्यंत गेलेले बाबा वळतात.
'स्प्रिंग कुठली घातलीय?
आत का बाहेरून?'

ते मी पाहिलंच नव्हतं.